एकेचाळीस आणि बेचाळीस

झुटफेन,
२१ मार्च १८१४

प्रिय फेन्ना,

तुझं पत्र परवा पोचलं, धुरी दिलेल्या वाम माशांच्या पुडक्यासकट. पत्राला यायला अकरा दिवस लागले. देव्हेंटरमध्ये फ्रेंच पलटण अजून दारं लावून बसली आहे, त्यामुळे नावाडी नदी सोडून बैलगाडीच्या वाटेने आला आणि वामांचा वास गावभर पसरवत आला. वारा उत्तरेचा असला की तिकडच्या तोफा मला अंगणात ऐकू येतात. सगळा देश मोकळा झाला, चर्चच्या घंटा वाजवून झाल्या, आणि चार-पाच कोसांवर अजून कुणीतरी कुणावर गोळे टाकतंय. कोंबड्यांनासुद्धा त्याची सवय झाली आहे.

ईस्टर झाला की ब्लोकझाइलचं घर आवरून तू कायमची माझ्याकडे येणार, असं तू लिहिलं आहेस. मागच्या खोलीत ओल आहे का, चूल धूर करते का, मी दुपारचं जेवतो की नुसत्या पावावर भागवतो, हे सगळं विचारलं आहेस. शेवटी लिहिलं आहेस, "बाबा, आता आपण दोघंच उरलो. दोघांनी दोन गावांत कशाला राहायचं?" हे वाक्य मी किती वेळा वाचलं सांगत नाही. त्याच दिवशी मी सुताराला बोलावलं, मागच्या खोलीची खिडकी काढायला लावली, तुझ्या आईचं कपाट उन्हात ठेवलं. काल सकाळी सुतार नवी फळी घेऊन आला तेव्हा त्याला म्हटलं, राहू दे, आज नको. तो म्हणाला, "मेजरसाहेब, खिडकीला भोक पडलंय, पाऊस येईल." येऊ दे म्हटलं. का, ते याच पत्रात सांगणार आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तू मला ओळखतेस. मला माझ्या चालीने येऊ दे.

गावात जो तो राजघराण्याची नारिंगी फीत लावून हिंडतो आहे. पंचाण्णव साली ज्या टोपीवाल्याने आम्हाला फ्रेंचांची तिरंगी फुलं विकली होती, त्यानेच आता नारिंगी फितींचा ढीग लावला आहे. मलाही एक टाचून गेला. गेल्या महिन्यात नव्या राजपुत्राच्या नावाने शपथ घ्यायला बोलावणं आलं. गेलो. डावा हात वर केला. समोरचा कारकून कोवळा होता, बिचकला. वरिष्ठाकडे वळून हळूच विचारतो, "डाव्या हाताची शपथ चालते का हो?" मी म्हटलं, "बाळा, राजाची आणि बादशहाची याच हाताने घेतली आहे, दोघांनीही तक्रार केली नाही." सगळे हसले. घरी येताना मला काही हसू येईना. एका माणसाने एका जन्मात इतक्या जणांना इमान द्यावं आणि दर वेळी ते खरंच द्यावं, याला काय म्हणायचं?

पहिली, राज्यपालाला दिलेली शपथ मात्र मी मोडली होती, आणि आयुष्यात अभिमान वाटावा असं मी तेवढंच एक काम केलं, असं मला फार वर्षं वाटत होतं. हाटेम गावची गोष्ट तू लहानपणी माझ्याकडून इतक्या वेळा ऐकली आहेस की तुला पाठ असेल. मी लेफ्टनंट होतो, सव्वीस वर्षांचा. राज्यपालाने बंड केलेल्या आपल्याच गावावर तोफा लावायला सांगितल्या, आणि तटावर उभ्या माणसांत मला तो बेकरीवाला दिसला, ज्याच्याकडून आठवडाभरापूर्वी मी मनुकांचा पाव घेतला होता. त्याच्या हातात बंदूक उलटी धरलेली. मी कप्तानापुढे जाऊन तलवार जमिनीवर ठेवली. पुढच्या वर्षी राज्यपालाच्या मदतीला प्रशियाची फौज आली आणि आम्हा सगळ्यांना देश सोडावा लागला. तुझ्या आईचे वडील राज्यपालाच्या बाजूचे, मोठे लाकूडवाले. त्यांनी तिला सांगितलं, त्या भिकाऱ्यामागे गेलीस तर या घराचं दार तुला बंद. सूसाना एक पेटी घेऊन निघाली. मी तिला म्हटलं, तुझे उपकार कसे फेडू? ती म्हणाली, "उपकार नको, थोडं माझ्याकडे बघत जा. तुम्ही जगाला न्याय वाढायला बसता ना, तेव्हा घरच्यांच्या ताटात काय पडलं ते बघायचं विसरता." अजून लग्न व्हायचं होतं, फेन्ना. तेव्हाच तिने मला ओळखलं होतं.

फ्रान्समध्ये सेंटोमेरला कातडी कमावणाऱ्याच्या घरावरच्या माळ्यात तू जन्मलीस, तीन वर्षांनी वोल्टर. त्या वासात तुम्ही दोघं गुलाबासारखी वाढलात, याचं तिला नवल वाटायचं. शेवटच्या हिवाळ्यात ती खोकून खोकून गेली. तिला तिथेच ठेवून आपण निघालो. पंचाण्णवच्या जानेवारीत नद्या दगडासारख्या गोठल्या होत्या, फौज बर्फावरून चालत पलीकडे निघाली, आणि मी तुम्हा दोघांना एका पाववाल्याच्या ढकलगाडीत घोंगड्यात गुंडाळून दोरीने ओढत होतो. तू सहा वर्षांची. विचारलंस, "बाबा, आपला देश कुठे आहे?" मी समोरची करडी रेघ दाखवली. तू म्हणालीस, "एवढासाच?" बरोबरचे शिपाई पोट धरून हसले. वोल्टर झोपला होता. तो कुठेही झोपायचा.

झुटफेनच्या चौकात आम्ही स्वातंत्र्याचं झाड लावलं तो दिवस तुला आठवत असेल. मला पिंपावर चढवून बोलायला लावलं. वोल्टरला खांद्यावर घेऊनच मी चढलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही. एक वाक्य आठवतं, कारण पुढे ते मला कुणीतरी परत ऐकवलं. मी म्हणालो, "आजपासून या गावातली सगळी लेकरं सारखी." समोर कमरेवर धुण्याची टोपली घेऊन ग्रीत उभी होती, तुमची ग्रीतमावशी. ती एप्रनच्या टोकाने डोळे पुसत होती. तिचा थोरला टुनिस जन्मापासून अंथरुणावर, धाकटा डेर्क वोल्टरच्याच वयाचा. नंतर तिचा नवरा नदीत बुडून गेला, आणि आपली धुणी-इस्त्री तिच्याकडे आली. डेर्क आणि वोल्टर एकाच ओंडक्यावर पोहायला शिकले, एकाच मास्तरांचा मार खाल्ला.

नव्व्याण्णव साली बर्गेनच्या वाळूत इंग्रजांशी लढताना माझा उजवा हात गेला. घरी आलो तेव्हा मला माझं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. वोल्टर आठ वर्षांचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाटी घेऊन बसायचा. मी त्याच्या शेजारी दुसरी पाटी घेऊन बसलो. दोघंही अक्षरं गिरवायचो. त्याचा 'वे', त्याच्या नावाचं पहिलं अक्षर, माझ्याआधी सरळ झाला. माझा अजून मागे झुकतो, दारूड्यासारखा, असं तो म्हणायचा. माझं हे डाव्या हाताचं अक्षर जगात त्याच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. हे मी उगाच लिहीत नाही, फेन्ना.

जानेवारीत हार्मेन आला, आपल्या कोपऱ्यावरच्या जीनगराचा मुलगा. दोन्ही पायांची बोटं गेली आहेत. तो वोल्टरबरोबर रशियात होता. वोल्टर विल्ना गावात गेला, एवढंच मी तुला कळवलं होतं. बाकीचं माझ्या हातून उतरेना. हार्मेन त्या दिवशी आपल्या चुलीशी दोन तास बसला. म्हणाला, वोल्टर शेवटपर्यंत फणीला कागद लावून गाणी वाजवायचा, ओठ फुटेपर्यंत. नदीवरच्या पुलावरून दोघं एकमेकांच्या पट्ट्याला धरून पार झाले. विल्नाच्या वेशीशी इतकी रेटारेटी की माणसं उभ्या उभ्या गुदमरली. वोल्टरला ताप होता. आत गेल्यावर एका मठाच्या भिंतीला टेकून तो बसला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." हार्मेन भाकरी शोधायला गेला आणि परत आला तोवर त्याच्या टोपीवर बर्फ साचला होता आणि तो ते झटकत नव्हता.

मी हार्मेनला विचारलं, माझ्याबद्दल कधी काही बोलायचा का? त्याला वाटलं, बापाचं मन आहे, विचारणारच. म्हणाला, "बोलायचा की! सगळ्यांना सांगायचा, माझ्या बापाने बर्गेनला हात दिला पण पाठ नाही दाखवली." मी उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेलो. त्यांना मघाशीच टाकले होते.

आता अकरा सालाकडे येतो. फ्रेंच बादशहाने आपला देश त्याच्या नकाशात घातला, आणि पहिल्यांदा आपल्या पोरांची भरती निघाली. गावच्या भरती समितीवर एक निवृत्त अधिकारी हवा होता. मी हो म्हटलं तेव्हा तू इथेच होतीस, तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. चौथ्या दिवशी म्हणालीस, "बाबा, ते फ्रेंचांचं काम आहे." मी म्हटलं, "काम त्यांचं, पण पोरं आपली. मी बसलो तर निदान चिठ्ठ्या तरी सरळ निघतील." आणि त्या सरळ निघाल्या. त्या वेळी झुटफेनकडून एकेचाळीस जण मागितले होते. वोल्टरने पिशवीत हात घालून आपली चिठ्ठी काढली, माझ्यासमोर धरली आणि हसला. एकेचाळीस. त्याच्या मागे डेर्क उभा होता. बेचाळीस. ग्रीत दारात गुडघ्यांवर बसली आणि देवाचे आभार मानायला लागली. मग माझ्याकडे लक्ष गेलं तशी गप्प झाली.

विधवेच्या थोरल्या मुलाला कायद्याने सूट होती. तिच्या थोरल्याला ती मिळाली, अंथरुणावर पडल्या पडल्या. धाकट्याला कायद्यात जागा नव्हती.

हजर व्हायच्या आदल्या सकाळी वोल्टरची खोली रिकामी होती. तू ब्लोकझाइलहून, हिल्ले आत्याच्या गावाहून, आठवडाभर आली होतीस, आणि वोल्टर नाहीसा झाला त्याच दिवशी परत निघालीस. मी विचारलं, कुठे आहे तो? तू माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस, "मला ठाऊक नाही, बाबा." तू खोटं बोलते आहेस हे मला कळलं आणि मला कळलंय हे तुला कळलं, आणि दोघांनाही बरं वाटलं. त्यावरून मी तुला कधी रागावलो नाही. आजही नाही.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. दहा दिवसांनी एक झाडू विकणारा दारात आला आणि झाडूच्या मुठीतून चिठ्ठी काढून माझ्या हातात देऊन गेला. वोल्टरची. लिहिलं होतं: ब्लोकझाइलच्या दुसऱ्या तळ्यापलीकडच्या बोरूच्या बेटात, वेत कापणाऱ्यांची जुनी झोपडी आहे तिथे मी आहे. ताईचा लुबर्ट त्याच्या जळाऊ मातीच्या होडीतून जेवण आणतो. बेडूक झोपू देत नाहीत. तुम्ही काळजी करत असाल म्हणून लिहितो, ताईला सांगू नका, ती माझे कान उपटेल. तुमचे लोकरीचे जाड मोजे पाठवा. मी मोजे पाठवले, फेन्ना. त्याच झाडूवाल्याबरोबर. आणि चार दिवस मी इतका सुखात होतो की समितीत बसून मला हसू दाबावं लागे.

पाचव्या दिवशी ग्रीत आली. कपडे द्यायचा वार नव्हता. टोपलीही नव्हती तिच्या हातात. उभीच राहिली. म्हणाली, "मेजरसाहेब, तुमचा पोरगा कुठं गेला ते मी विचारणार नाही. त्याची आई असती तर तिनंही पळवलाच असता. पण आज चपराशी आला होता. म्हणाला, एकेचाळीस नंबर सापडंना, आता बेचाळीस घेणार. सोमवारी." मी खुर्ची पुढे सरकवली, ती बसली नाही. ती म्हणाली, "टुनिसला उचलून बसवायला मला एकटीला जमत नाही हो. डेर्क उचलतो." मग ती दाराशी गेली, वळली, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होता ना, त्या झाडापाशी, पिंपावर उभं राहून? सगळी लेकरं सारखी. मी तेव्हा रडले होते." टोमणा नव्हता त्यात. ती खरंच मला आठवण करून देत होती, एखादी वस्तू आपल्याकडे राहिली असेल तर देऊन जावी तशी.

मी तीन दिवस घराबाहेर पडलो नाही. हे तीन दिवस कसे गेले ते लिहून मला तुझी दया मागायची नाही. चौथ्या दिवशी मी झ्वोलेच्या पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला आठ ओळींचं पत्र लिहिलं. दुसरं तळं, बोरूचं बेट, वेतवाल्यांची झोपडी. खाली सही केली. निनावी लिहिणं मला हलकटपणाचं वाटलं.

हो, फेन्ना. मी.

लिहून झालं. आता थोडा वेळ थांबलो होतो, शाई वाळली होती.

वोल्टर पकडला गेला, आणि डेर्कला सोमवारी घरी पाठवलं. आठवडाभराने मी झ्वोलेला वोल्टरला भेटायला गेलो. कोठडीत बाकावर बसला होता, अंगावर अजून बोरूची कुसं. तो अर्धा तास भिंतीकडे तोंड करून बसला, मी उभा. मग म्हणाला, "त्या साहेबाने कागद टेबलावर उलटा ठेवला होता. पण शाई पलीकडून दिसत होती. तुमचा 'वे' अजून मागेच झुकतो, बाबा." मी त्याला ग्रीत आली होती ते सांगितलं, सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "डेर्क सुटला?" मी म्हटलं, सुटला. तो माझ्याकडे वळला. मग जे बोलला ते मी रोज ऐकतो. म्हणाला, "मग मलाच का नाही कळवलंत? त्याच झाडूवाल्याबरोबर एक ओळ लिहायची होती, की डेर्कला नेताहेत. मी माझ्या पायांनी चालत आलो असतो."

फेन्ना, माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तीन दिवस मी माझी अब्रू, माझा शब्द, ग्रीतचं पोर, माझं पोर, सगळं तोलत बसलो होतो. आपल्या मुलाला विचारावं, हे मला सुचलं नाही. मी त्याला हुकूम मोडून पळालेला शिपाई समजलो. तो माझ्यापेक्षा चांगला माणूस झाला होता, आणि त्याच घरात राहून मला ते दिसलं नव्हतं. स्वतःहून आला असता तर त्याला सरळ पलटणीत घेतलं असतं. पकडला गेला म्हणून पळपुट्यांच्या तुकडीत घातलं, वाल्खरनच्या तापाच्या बेटावर वर्षभर ठेवलं, आणि तिथून रशियाला. हार्मेन म्हणतो, ताप त्याच्या अंगातून कधी गेलाच नाही.

निघताना त्याने माझ्या रिकाम्या बाहीची पिन सैल झाली होती ती नीट लावली. म्हणाला, "एक करा. ताईला सांगू नका. मी परत आलो तर मीच सांगेन, हसत हसत सांगेन. नाही आलो तर तिला तुम्ही एकटेच उरणार. तिला बाप राहू द्या." मी त्याला शब्द दिला.

डेर्कचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. दीड वर्षाने रशियात फौज बुडाली, बादशहाने पुन्हा माणसं मागितली, आणि या वेळी बेचाळीस काय, पन्नास काय, सगळ्यांनाच नेलं. तो लाइपझिगला पडला. म्हणजे मी जे केलं त्यातून कुणालाच काही मिळालं नाही. ग्रीत अजून दर सोमवारी कपडे न्यायला येते. तिला काही माहीत नाही. टुनिसला उचलून बसवायला आता मी जातो, रोज सकाळी. एका हाताने नीट जमत नाही, पण आम्ही दोघं मिळून बसवतो.

मी शब्द पाळत होतो, फेन्ना, म्हणून मी स्वतःला फार दिवस बरा समजत होतो. पण अकरा सालच्याच उन्हाळ्यात हिल्ले आत्याचं पत्र आलं होतं. झोपडीची जागा तू आणि आत्या सोडून फक्त लुबर्टला ठाऊक होती. जकातवाल्यांनी धरलेली त्याची होडी नेमकी त्याच आठवड्यात सुटली होती. तू चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत त्याची अंगठी त्याच्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "माझा भाऊ देऊन होडी सोडवलीस का रे?" आत्याने लिहिलं होतं, तो टोपी हातात धरून नुसता उभा राहिला. ते पत्र मी वाचलं, घडी केली, आणि तुला उत्तरात लिहिलं की तब्येत सांभाळ. वोल्टरला दिलेल्या शब्दामागे मी लपलो. त्या बिचाऱ्या पोराने माझी लेक मला राहावी म्हणून जे मागितलं होतं, त्याच्या आड मी तुझं लग्न मोडू दिलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आत्याचंही आलं, आणि हे पत्र मी लिहायला बसलो ते त्यासाठी. तू तुझ्या पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस, पण ती लिहिते की फ्रेंच गेल्यावर गावातल्या पोरांनी लुबर्टला फितूर म्हणून बंदरात ओढलं, त्याची होडी कुऱ्हाडींनी फोडली, आणि तू खिडकी लावून घेतलीस. तीन वर्षांत त्याने दुसरीकडे बघितलेलं नाही. ईस्टरनंतरच्या शनिवारी अ‍ॅमस्टरडॅमहून लाकूड आणायला रीगाला जाणाऱ्या जहाजावर त्याने खलाशी म्हणून नाव घातलं आहे, तोवर तिथल्या बंदरावरच खोली घेऊन राहिला आहे आणि या किनाऱ्याला परत पाय लावणार नाही असं म्हणतो. त्याने काही केलं नाही, फेन्ना. तो तुझ्या भावाला जेवण देत होता, आणि तुझा बाप त्याच्या नावावर तीन वर्षं तुझं प्रेम खात होता. मी आजच ब्लोकझाइलच्या पाद्रींनाही पत्र घातलं आहे, माझ्या सहीचं, रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला. लुबर्टलाही दोन ओळी लिहिल्या आहेत. पण त्या त्याला माझ्याकडून नको असतील, तुझ्याकडून हव्या असतील. ग्रीतला मी उद्या सकाळी स्वतः सांगेन. तू माझ्याकडे येऊ नकोस. मागची खोली तशीच राहू दे. तुझं पुढचं पत्र आलं नाही तर का आलं नाही हे मला कळेल आणि मी कुणाला विचारणार नाही. ईस्टरनंतरच्या गुरुवारी संध्याकाळी तुमच्या बंदरातून अ‍ॅमस्टरडॅमची होडी सुटते, वारा असला तर सकाळी पोचते. तिच्यात बस. जहाज शनिवारचं आहे, एक पूर्ण दिवस तुझ्या हातात राहील. त्याने दार उघडलं नाही तरी थांब. तो टोपी हातात धरून उभा राहिला होता, तितका वेळ तरी थांब.

तू ठेवशील तोवर तुझाच,
बाबा